नस मोजणारे तायडे काका

गेल्या मंगळवारी दुपारी पाऊण वाजता, अमडापूरच्या समाजमंदिरात, शांताबाई इंगळे यांना झोपेतून उठवण्यात आलं. कोणतीही पूर्वसूचना न देता. एका शिकल्यासवरल्या माणसाने. मी याचा निषेध करते.

निषेधाची पत्रकं मी कॉलेजपासून लिहीत आले आहे. पाण्याची लिहिली, एसटीची लिहिली, दवाखान्यात डॉक्टर नसतो त्याची तर इतक्यांदा लिहिली की आता फक्त वरची तारीख बदलते. हात दुखतो. पण बाईच्या झोपेवर लिहायची वेळ तायडे काकांनी आणली.

सुखदेव तायडे खामगावचे. दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि एका संस्थेच्या शिबिरांत लोकांच्या नसा मोजू लागले. रक्तवाहिनी किती कडक झाली, किती लवचीक राहिली, हे सांगणारं मिक्सरएवढं एक यंत्र त्यांच्याजवळ आहे. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्ट्या गुंडाळायच्या. त्या फुगतात, आणि हृदयाकडून निघालेली लाट खाली किती वेगानं पोचली ते यंत्र सांगतं. शिबिरासाठी माणसं गोळा करायचं काम माझं.

काकांच्या खिशात कायम दोन नळ्या असतात. एक मऊ रबराची, दुसरी उन्हात वाळून कडक झालेली ठिबक सिंचनाची. भेटला माणूस की नमस्काराच्या आधी नळी पुढे. "दाबा." एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला जेवता जेवता नळी दाबायला लावली होती. "हे रबर पाह्य, दबते. लाट जिरवते. अन् हे दबतच नाही. लाट धाडकन पुढं जाते, मेंदूले दणका, किडनीले दणका." मामांनी जिलबी खाली ठेवली.

माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार. कवळी भेंडी आणि जून भेंडी. तहसीलदारसाहेब जून. मी कवळी, "पण चिडचिड कमी केली तं."

या शास्त्राचा गावावर काय परिणाम झाला? चौकातल्या बबलूभाऊची लाट सगळ्यात जोरात धावली, तर त्याने गावभर सांगितलं की आपण पहिले आलो. मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, गॉगलवाल्या फोटोसकट, 'वेगवान नसेचे मानकरी'. काका त्या फ्लेक्सखाली उभे राहून म्हणाले, "भाऊ, हे शर्यत जिंकाची नसते, हाराची असते. पह्यले तो तंबाखू थुक." फ्लेक्स अजून तिथेच आहे.

काकांचा नियम एकच. मोजायच्या आधी दहा मिनिटं खाटेवर आडवं व्हायचं. "बोलाचं नाही, हासाचं नाही, घरचा विचार कराचा नाही. नस सैल पडू द्या." पुरुष मोबाइल वाजेपर्यंत पाळतात. बायांचं मात्र अवघड. दिवसाढवळ्या, चार माणसांत, आडवं व्हायचं?

शांताबाई तर भांडल्याच. "मी बिमार हाये का? बसूनच देतो नं नस."

"बसून आकडा खोटा येते, बाई."

"मंग खरा कायले पाह्यजे?"

शेवटी पायांवर पदर ओढून त्या टेकल्या. पट्ट्या गुंडाळून व्हायच्या आत त्यांना झोप लागली. साधीसुधी नाही. तोंड उघडं, हात खाटेबाहेर. काका स्टूल ओढून शेजारी बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारीही असाच डोळा लावून पडलेली. रांगेतल्या बायांची तक्रार नव्हती, त्याही भिंतीला टेकून जरा बसल्या होत्या. तक्रार केली ती त्यांना घरी न्यायला आलेल्या मोटरसायकलवाल्यांनी.

मग संस्थेचे साहेब आले. "तायडे, हे काय लॉज आहे का? शिबिराचा आकडा कसा भरायचा?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शांताबाईंच्या घोट्यावरची पट्टी उपटली. चर्रकन आवाज झाला. बाई दचकून उठल्या, "भाकरी राह्यल्या!" असं ओरडल्या, मग भोवतीची माणसं पाहिली. चपला हातात घेऊनच निघून गेल्या.

मी घोषणा द्यायला तोंड उघडलं. काकांनी हात केला. "हळू बोल, पोरी. ते म्हातारी झोपेल हाये."

साहेब जाताना सांगून गेले: रविवारी धामणगाव बढ्याला शिबिर आहे. तिथेही रांग अशीच अडली, तर यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊ.

संध्याकाळी सामान आवरताना मी काकांवर उखडले. "दहा मिनिटांचा नियम तुमचाच. मग पाऊण तास काऊन ठेवता? तिची नस तरी मोजून झाली असती."

"मोजून झाली होती कवाचीच," काका पट्ट्यांची घडी करत म्हणाले. "कवळी हाये. सकाळी जाऊन सांगतो तिले."

"मग पट्ट्या का नाही काढल्या?"

"काढल्या का उठवते नं कोणीतरी. वायरी लावेल बाईले सासू बी उठवत नाही." मग घडी पिशवीत ठेवत, "मले वाटलं, साहेब बी उठवणार नाही."

 काकांनी यंत्रावर टॉवेल टाकला.

"घरात कोणी झोपेल असलं का माणूस हळू चालते. कडी हळू लावते, नळ बारीक सोडते. आमची मंडळी गेल्यापासून मी कितीबी भांडे आदळतो, कोणाची झोप मोडत नाही. इथं एखादी झोपली का बरं वाटते. हळू चालाले मिळते."

तेव्हा वाचकहो, पाण्यासाठी, एसटीसाठी तुम्ही आला नाहीत, ते राहू द्या. ही मागणी सोपी आहे. रविवारी तुमच्या घरातल्या बाईला धामणगाव बढ्याला पाठवा. भाकरीचं, ढोरांचं तुम्ही बघा. दुपारी दारात येऊन "झालं का?" विचारू नका. आणि साहेब खाटेकडे निघाले, तर त्यांच्या आडवे उभे राहा. चपला बाहेर काढून.