चौथा स्क्रू

टिपणीस काका कॉम्प्युटर दुरुस्त करून झाले की त्याचा बाजूचा पत्रा लावतात, मागून तीन स्क्रू आवळतात आणि चौथा शर्टाच्या खिशात टाकतात. विसरून नाही, तुमच्या डोळ्यांदेखत टाकतात. तुम्ही म्हणालात, "काका, एक राहिला," तर ते म्हणतात, "राहू दे. पुढच्या वेळी." यावर जो विनोद सुचतो तो आमच्या सोसायटीत सगळ्यांचा करून झालेला आहे, म्हणून मी तो करत नाही.

काका सत्तरीचे. कल्याणला राहतात. कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं. ऑफिसातून तक्रार आली की 'कॉल उघडला' आणि दुरुस्ती होऊन गिऱ्हाइकाची सही मिळाली की 'कॉल बंद', अशी तिथली भाषा. नोकरी संपून दहा वर्षं झाली, भाषा काही सुटली नाही. सकाळी दूध आलं नाही तर दुधाचा कॉल उघडा असतो. गुडघा दुखत असला तर तो कॉल तीन वर्षं उघडा आहे, असं ते सांगतात.

आमची ओळख झाली ती अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी, वर्तकनगरला माझ्याकडे असतात. मी शाळेत गणित शिकवते आणि घरी आल्यावर अप्पांना सांभाळते, असं मी म्हणते. अप्पा उलट म्हणतात.

तर अप्पा अकरा वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. गावोगाव जाऊन, म्हाताऱ्या माणसांसमोर वही घेऊन बसून त्यांनी पिढ्या जमवल्या. सासरी गेलेल्या मुलींना एका ओळीत वाटेला लावायची पद्धत त्यांनी मोडली आणि त्यांच्या लेकीसुनांपर्यंत जाऊन पोचले. प्रत्येक नोंदीपुढे आधार लिहायचे: 'कागद आहे', 'ऐकीव' किंवा 'प्रत्यक्ष पाहिले'. पुण्याच्या काकांनी, आपले खापरपणजोबा सरदार होते असं लिहा म्हणून वर्षभर लकडा लावला. अप्पांनी लिहिलं, 'सरदार असल्याचे ऐकीव. कारकून असल्याचा कागद आहे.' पुण्याचे काका तेव्हापासून फोन करत नाहीत. अप्पा खोटं बोलत नाहीत, आणि घरात असा माणूस असला की काय होतं हे मला विचारा. आलेल्या पाहुण्यांना भाजी खारट झालीय हे तेच आधी सांगतात.

हे सगळं लिखाण एका जुनाट कॉम्प्युटरवर होतं. त्यातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते चालायला मागे काडेपेटीएवढी एक डबी लावावी लागायची आणि ती डबी बसेल असं भोक हल्लीच्या कॉम्प्युटरला नसतं. मी हुशारी करून फाईल पेनड्राइव्हवर घेतलेली. शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडली तर आमचे सगळे पूर्वज इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि टोप्या होऊन बसलेले. मग मी ती नक्कल पुसून टाकली. कुलवृत्तांत वाचता येईल असं जगात एकच यंत्र होतं, आणि एका सोमवारी ते सुरू व्हायचंच बंद झालं.

नाक्यावरचा दुकानदार आला. "काका, फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, एकदम मक्खन चालेल." फॉरमॅट म्हणजे काय हे अप्पांनी विचारलं. सगळं पुसून नव्याने, असं त्याने सांगितलं. अप्पा उठले आणि कॉम्प्युटर आणि तो माणूस यांच्या मधे जाऊन उभे राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "ज्यांनी मला सांगितलं, त्यांतले निम्मे आता नाहीत. परत कुणाला विचारू?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे बोलले तेव्हा सुजाताने टिपणीस काकांचा नंबर दिला. सुजाता आमच्याकडे चित्रकला शिकवते, डोंबिवलीहून येते. "अगं, माणूस जरा विचित्र आहे. माझा कॉम्प्युटर बघायला म्हणून आलेले, तर आधी अर्धा तास मलाच प्रश्न विचारत बसले. पण येतात गं. येतात आणि परत परत येतात."

काका शनिवारी सकाळी आले. कल्याणहून एसटीने खोपटच्या स्टँडला, तिथून चालत. हातात कापडी पिशवी, त्यात स्क्रूड्रायव्हर, दात घासायचा जुना ब्रश आणि शाळेतल्या मुलांचा पांढरा खोडरबर. एवढंच. मी जरा खचलेच.

"काय होतंय सांगा," ते म्हणाले. "मी काही केलं नाही, हे सोडून बाकी सगळं सांगा."

"पण मी खरंच काही केलं नाही," अप्पा म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की अप्पांचा पारा चढणार असं मला वाटलं. पण काका म्हणाले, "हं. कळलं." मग थोडं थांबून, "म्हणजे नाही कळलं." हे त्यांचं आवडतं वाक्य. दोन्ही अर्धी ते नेहमी एका पाठोपाठ एक म्हणतात आणि मधल्या वेळात विचार करतात.

त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर तीनदा ओरडला. काकांनी डोळे मिटून ते ऐकलं, पत्रा काढला, आतली एक हिरवी पट्टी उपसली आणि तिच्या कडा खोडरबरने घासायला लागले. आमच्या शाळेत मुलं शुद्धलेखनाच्या चुका खोडतात तसे, जिभेचं टोक बाहेर काढून. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. अप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पडद्यावर तारीख आली ती कितीतरी वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची. अप्पांनी सवयीने कीबोर्ड ओढला आणि आजची तारीख टाकली.

"हे रोज करता?" काकांनी विचारलं.

"रोज. मागची आठ वर्षं. खोट्या तारखेला मी काम करत नाही."

"आत नाण्याएवढी बॅटरी असते, अप्पासाहेब. ती संपलीय. बदलली की झालं."

त्या क्षणी त्या दोघांचं जमलं. काकांनी पुढच्या खेपेस बॅटरी बदलली, आणि सकाळी यंत्राने आपणहून खरी तारीख सांगितली तेव्हा अप्पांना दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

पण अडचण संपलेली नव्हती. कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि बरोबर अकरा मिनिटांनी फट्कन बंद पडायचा. सुरू व्हायलाच त्याला सहा मिनिटं लागत, फाईल उघडायला चार. पूर्वज दिसले न दिसले तोच अंधार. "फाईल उघडी असताना असा बंद पडत राहिला तर एक दिवस ती फाईलच जाईल," काका म्हणाले. "मी सांगेपर्यंत उघडायची नाही." त्यांनी तीन स्क्रू लावले, चौथा खिशात टाकला आणि गेले.

पुढचे चार शनिवार काका येत राहिले. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. तारा बदलून पाहिल्या. एकदा हार्डडिस्क तपासायला घरी घेऊन गेले ती टॉवेलात गुंडाळून, एसटीच्या पुढच्या सीटवर मांडीवर धरून. भिवंडीच्या रस्त्यावरून तान्ह्या बाळालाही कोणी इतकं जपून नेलं नसेल. दर वेळी कॉम्प्युटर चालू करून ते मनगटावरचं घड्याळ बघत बसायचे, आणि ती अकरा मिनिटं अप्पा त्यांना कुलवृत्तांत तोंडी सांगायचे. अप्पांचं हे सगळं ऐकणारा माणूस मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता, आणि मीसुद्धा तो नव्हते. काका मधेच विचारायचे, "मग त्या गोदावरीबाईंचं पुढे काय झालं?" अप्पांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

पाचव्या शनिवारी काका आल्या आल्या, यंत्राच्या जाळीवरच्या कुंकवाच्या डागाकडे बघत म्हणाले, "अप्पासाहेब, या यंत्राची तुम्ही पूजा करता?"

"अर्थात. दर खंडेनवमीला. माझं हत्यार आहे ते."

"कशी करता?"

"हळदकुंकू, फूल, अक्षता. इथून, वरच्या जाळीवरून." अप्पांनी हात वर नेऊन अक्षता वाहून दाखवल्या.

"हं. कळलं," काका म्हणाले, आणि "म्हणजे नाही कळलं" म्हणता म्हणता त्यांनी आतला छोटा पंखा काढला. पंखा फिरत होता म्हणून इतके दिवस त्यांनी त्याच्या खाली पाहिलं नव्हतं. खाली धातूच्या पातळ पातळ पाकळ्या असतात, यंत्राच्या मेंदूतली उष्णता बाहेर काढणाऱ्या. त्या पाकळ्यांत अकरा खंडेनवम्यांच्या अक्षता कुंकवात घट्ट लिंपून बसल्या होत्या. यंत्र तापायचं आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडायचं.

ब्रशने एकेक तांदूळ काढायला काकांना दीड तास लागला. अप्पा समोर बसून होते. शेवटी म्हणाले, "टिपणीस, मी तुम्हाला खोटं सांगितलं. काही केलं नाही म्हणालो."

"खोटं नाही," काका म्हणाले. "पूजेला कोण काही केलं म्हणतं? पण वहीत लिहून ठेवा. आधार, प्रत्यक्ष पाहिले."

अकरा मिनिटं झाली. बारा झाली. काकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. वीस मिनिटांनी त्यांनी फाईल उघडायला परवानगी दिली आणि चारशेच्या वर पानं एकेक करून पडद्यावरून गेली. एकही हरवलेलं नव्हतं. अप्पांनी टिपणीस काकांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. मी आत जाऊन चहा टाकला आणि गॅसपाशी उभी राहून रडले. माझ्या वडिलांची अकरा वर्षं त्या माणसाने दातांच्या ब्रशने परत मिळवून दिली होती. हे ऋण आहे आणि ते मला फेडायचंही नाही.

पुढे पुस्तक छापून झालं. ऋणनिर्देशात अप्पांनी लिहिलं, 'श्री. टिपणीस, कल्याण. यांनी यंत्र जगवले. प्रत्यक्ष पाहिले.' आता अप्पा पुरवणी लिहितायत, कारण लोकांना मुलं होणं काही थांबत नाही. काका महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचे. "त्या चौथ्या स्क्रूचं बघायचंय," म्हणायचे. चहा प्यायचे, पत्रा उघडायचे, ब्रश फिरवायचे, गोदावरीबाईंच्या पणतीची चौकशी करायचे, आणि तीन स्क्रू लावून जायचे.

मग दोन महिने आलेच नाहीत. आणि एके दिवशी कुरियरने एक पाकीट आलं. आत कागदाची पुडी, पुडीत एक स्क्रू. कागदावर बारीक, वेड्यावाकड्या अक्षरात: 'वर्तकनगर, अप्पासाहेब. डावा पत्रा, वरचा कोपरा. कॉल बंद.'

दुसऱ्या दिवशी सुजाता म्हणाली, तिलाही एक आलाय.

रविवारी मी कल्याणला गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. दार उघडायला काकांना वेळ लागला. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी आणला तरी थोडं सांडलंच. "उजवा हात कापतो हल्ली," ते म्हणाले. "स्क्रू आट्यात बसत नाही. म्हणून सगळे परत करून टाकले. उघडे कॉल ठेवून कसं चालेल?"

टेबलावर एक पत्र्याचा डबा होता, आत शिवणाचं सामान ठेवायचे कप्पे. काही कप्प्यांत बटणं आणि हुकं तशीच होती. बाकीच्या कप्प्यांवर घरांची नावं चिकटवलेली: डोंबिवली सुजाताताई, खोपट पाटील, वर्तकनगर अप्पासाहेब. ते कप्पे रिकामे होते.

"हा काकूंचा डबा?" मी विचारलं.

"हो. ती गेली त्याला सहा वर्षं झाली." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "ताई, एवढी वर्षं नोकरी केली. एकदा कॉल बंद झाला की त्या घरी परत जायचं कारणच उरत नाही. कितीही चांगली माणसं असोत. नुसतं आलो, बसलो, हे मला जमत नाही. तेवढ्यासाठी ठेवायचो हो एकेक." हे त्यांनी बॅटरी संपलीय हे सांगितलं होतं त्याच आवाजात सांगितलं.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन पुरवणीकडे वळले. मला रागच आला.

सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अप्पा जमिनीवर बसलेले, हातात माझ्या शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर. कॉम्प्युटरचा पत्रा भिंतीला टेकून उभा होता. अप्पांनी चारही स्क्रू चष्म्याच्या घरात टाकले, खिशात ठेवले आणि फोन स्पीकरवर लावला.

"टिपणीस, अप्पा बोलतोय. कॉल उघडायचाय. पत्रा निखळलाय, स्क्रू नाहीत."

"एकही?"

"एकही."

"अप्पासाहेब, तीन तर मी स्वतः आवळलेले. काय केलंत?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशावर हात ठेवला. "मी काही केलं नाही."

आजवर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

"हं," काका म्हणाले. "कळलं."

मी उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

"शनिवारी येतो," काका म्हणाले. "पण वेळ लागेल, अप्पासाहेब. हात कापतो."

"लागू दे," अप्पा म्हणाले. "आपल्याला तीनच लावायचेत."