सन्मानार्थ बंद दवाखाना

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका कारखान्यात पाहुणे म्हणून आला आहात. ठिकाण चंद्रपूरकडचं, महिना मे, वेळ भर दुपारची. तुम्हाला मांडवात पहिल्या रांगेत, कूलरच्या अगदी समोरची खुर्ची मिळाली आहे. बसलात? छान. आता उठू नका. शिस्तीचा कार्यक्रम आहे.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या दुर्गाबाई सिस्टर त्या दिवशी निवृत्त होत होत्या. उभा जन्म त्यांनी भट्टीजवळच्या कामगारांचे डोळे, कान, फुप्फुसं सांभाळली होती. उन्हातून कोणी डुलत आला की आधी सावली, मग पाणी, मग शिव्या, असा त्यांचा उपचाराचा क्रम. अशा सेवेचा गौरव व्हायलाच हवा, म्हणून व्यवस्थापनानं गौरव समिती नेमली.

समितीनं बाईंना विचारलं, काय हवं? बाई म्हणाल्या, शाल नको, माझ्या जागी दुसरी सिस्टर नेमा. समिती हेलावली. दुसरी सिस्टर नेमायची म्हणजे बाईंची बरोबरी कोणी करू शकतं, हे लेखी मान्य करायचं. हा अपमान समितीला सहन होईना. म्हणून ते पदच सन्मानपूर्वक रद्द झालं आणि दवाखान्याचं ‘दुर्गाबाई गौरव दालन’ करायचं ठरलं. खाट, सलाईनचा स्टँड, बर्फाचा फ्रीज, सगळं आत जसंच्या तसं ठेवून दाराला लाल फीत बांधली. ती कापायला प्रमुख पाहुणे नागपूरहून निघाले आणि वरोऱ्याला जेवायला थांबले.

मांडव निमंत्रितांचा असल्यानं कामगार बाहेर उन्हात रांगेनं उभे होते. फोटोत चेहरे दिसावेत म्हणून डोक्याला दुपट्टा बांधायला मनाई होती. बाईंचे मीठ-साखरेच्या पाण्याचे माठ फुलं ठेवायला घेतले होते. सुरक्षा अधिकारी राजदीप यांनी ही व्यवस्था जातीनं पाहून समाधान व्यक्त केलं.

बाईंनी आजवर एकालाही ऊन लागून मरू दिलं नाही, असं मॅनेजरसाहेब माईकवर सांगत होते. त्याच वाक्याला बाहेरच्या रांगेतल्या, पोती शिवणाऱ्या रुखमाबाई कोसळल्या.

दुर्गाबाई नुकतीच पांघरलेली गौरवाची शाल टाकून धावल्या. रुखमाबाईंना त्यांनी मांडवाच्या कडेला सावलीत ओढलं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही.

“बर्फ पायजे. दवाखाना उघडा.”

राजदीप अदबीनं आडवे आले. “बाई, उद्घाटन व्हायचं आहे जी. फीत कापल्याबिगर आत जाता येत नाई.”

“कापा मंग.”

“मले अधिकार नाई. आन् तुम्ही तं शाल घेतली, म्हंजे निवृत्त झाल्या. आता तुम्हाले उपचार करता येत नाई.”

“बाई मरून राह्यली, राजदीप.”

राजदीपना हे पटलं. त्यांनी तातडीनं पाहुण्यांना फोन लावला. पाहुणे ताकापर्यंत आले आहेत, असं कळलं. मॅनेजरसाहेबांनीही प्रसंगाचं गांभीर्य ओळखून भाषण थोडक्यात आवरायचं आश्वासन दिलं आणि ते बाईंच्या बालपणाकडे वळले.

दवाखान्याच्या दाराशी कात्रीचं तबक धरून एक मुलगी उभी होती. तिचं नाव रीना. रुखमाबाईंची नात. पाहुणे येईपर्यंत जागची हलू नको, असं तिला बजावलेलं होतं. तिनं आजीकडे पाहिलं, कात्री उचलली आणि फीत कापली.

फीत कापली की टाळ्या वाजवायच्या असतात. अख्खा मांडव टाळ्या वाजवू लागला. बँडवाल्यांनीही धून धरली. तुम्हीसुद्धा वाजवल्यात; मी पाहिलं.

दुर्गाबाई बर्फासाठी आत धावल्या. रीना मात्र तबक घेऊन सरळ पहिल्या रांगेत आली आणि ते तिनं तुमच्या हातात दिलं.

“धरा हे. टाळ्या तरी बंद होतीन.”

मग तिनं तुमच्या समोरचा कूलर दोन्ही हातांनी धरला आणि त्याचं तोंड आजीकडे फिरवलं.