कोंडीबाच्या सुरीवरचा आरोप

सकाळचे पावणेआठ. मे २००२. स्थळ : डोंगरकडा, हायस्कूलचे शिक्षक रत्नपालसर यांचं स्वयंपाकघर. लोणच्यासाठी पन्नास कैऱ्या धुऊन ठेवलेल्या. संध्याबाईंनी नव्या सुरीनं सहा कापल्या. सातवीला पातं निळंकाळं पडलेलं दिसलं.

"अहो, हे काय आणलं तुमी? काळी पडून राहिली सुरी!"

सुरी गेल्याच बाजारी आखाडा बाळापूरहून आणलेली. कोंडीबा लोहारानं ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्याचं लोखंड तापवून, ठोकून, दोन दिवस खपून ती घडवली होती. बाभळीची मूठ, आणि धार अशी की मनगटावरचे केस उडावेत. देताना तो एवढंच बोलला होता, "सर, कापलं की पुसत जा, तेलाचा हात लावत जा. स्टील न्हाई हे." सरांनी मान हलवली होती. (मान हलवणं आणि ऐकणं यांचा संबंध असतोच असं नाही.)

"फसवलं!" सर म्हणाले. त्यांनी पातं विटेच्या भुकटीनं घासलं. लख्ख झालं. पुढच्या कैरीला पुन्हा काळं. मग सरांनी शास्त्रीय निर्णय घेतला : आतला मळ जाळून टाकायचा. सुरी गॅसवर चढली आणि लालबुंद झाल्यावरच उतरली. निवल्यावर संध्याबाईंनी कैरीवर धरली, तर धारच दुमडली.

"आता तर लोण्यातही शिरायची न्हाई."

"बघितलंस? भंगार दिलं त्यानं."

बाजार त्याच दिवशी होता. सर पेपरात सुरी गुंडाळून एसटीनं बाळापूरला पोचले आणि कोंडीबाच्या पालापुढे उभे राहून ओरडले, "चोर आहेस तू! भंगार विकतोस लोकांना!" माणसं जमली. सुरीसाठी नंबर लावून बसलेल्या सहा जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते उठले.

भाता ओढणाऱ्या कोंडीबाच्या बायकोनं, धुरपताबाईनं, हात थांबवला. "तोंड सांभाळा सर. चाळीस वर्सं लोखंड ठोकून राहिलो आमी. चोर म्हून कोनी न्हाई बोललं."

कोंडीबानं पात्यावर कानस फिरवली. कडक पात्यावरून घसरणारी कानस खसकन रुतली. त्यानं वर बघितलं.

"सर, हे चुलीत घातलं व्हतं का?"

"चुलीत नाही," सर ताठ मानेनं म्हणाले. "गॅसवर."

"काहून?"

"काळेपणा घालवायला."

"आंबटानं काळी पडतेच ती. त्या काळ्यानंच गंज धरत न्हाई. तुमी तापवून तिचा सगळा कडकपणा काढून टाकला की हो!"

"शाळेत काय शिकवता तुमी?" धुरपताबाईनं विचारलं.

सरांनी 'विज्ञान' हा शब्द इतक्या हळू उच्चारला की बाईंना दोनदा विचारावं लागलं.

कोंडीबानं सुरी पुन्हा भट्टीत घातली, लाल झाल्यावर तेलाच्या डब्यात विझवली, मग निखाऱ्यावर धरून पात्याला गव्हाच्या काडीचा रंग येईपर्यंत नजर हटवली नाही. धार लावून सुरी सरांच्या हातात दिली. "लोखंड चांगलं हाय, सर. तकलीफ लोखंडाची न्हाई."

हे ऐकायला जमलेल्यांपैकी तिथं कोणी उरलं नव्हतं. गर्दी आरोपाला थांबते, तपासाला थांबत नाही.

घरी संध्याबाईंनी उरलेल्या कैऱ्या सपासप कापल्या आणि विचारलं, "मग काय म्हणले कोंडीबा?"

"चुकलो मी," सर म्हणाले.

पण तेव्हा मिक्सरमध्ये मोहरी फिरत होती. संध्याबाईंनी "काय?" म्हणून विचारलं. सर म्हणाले, "काही नाही, दुरुस्त करून दिली त्यानं." दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की लोहारानं चूक कबूल केली.

पुढच्या तीन बाजारांत कोंडीबाच्या पालावर विळे होते, खुरपी होती. सुरी मागायला एकही माणूस आला नाही. त्या सहा जणांना खरं काय ते सांगणार कोण, याचा खुलासा रत्नपालसरांनी अद्याप केलेला नाही.