विहिरीपासून अकरा फुटांवर

झाड लावणं सोपं आहे. ते कोणीही लावतो, अगदी मंत्रीसुद्धा. कसोटी लागते ती लावलेलं झाड सांभाळताना, आणि त्यासाठी पाणी, खत, माती असल्या किरकोळ गोष्टींच्या आधी एक मंडळ लागतं. हे सत्य वर्ध्यात सर्वांत आधी आमच्या बारा बंगल्यांच्या वस्तीला उमगलं आणि १९५५ साली 'गृहोद्यान वृक्ष व झुडूप संगोपन मंडळ' स्थापन झालं. मी त्याचा चिटणीस. पहिल्या दोन वर्षांत मंडळाच्या एकतीस सभा झाल्या. सव्वीस सभांत चहा झाला आणि चौदा सभांत झाडांचा विषय निघाला.

मंडळाच्या देखरेखीखाली एकशे चाळीस झाडं-झुडपं होती. (मेंदीचं कुंपण हे एक झुडूप धरायचं की चारशे, यावर मतभेद असल्यानं ते मोजलेलं नाही.) त्यांत अव्वल म्हणजे बंगला नंबर सातमधलं संत्र्याचं झाड. सात नंबर आमच्या अध्यक्षांचा, म्हणजे निवृत्त तहसीलदार भैयाजींचा. हंगामाला पाचशेच्या वर फळं धरणारं झाड. भैयाजींकडे आलेला पाहुणा आधी झाडापुढे उभा राहून 'वा' म्हणायचा आणि मगच पायताण काढायचा. झाडापासून बरोबर अकरा फुटांवर दगडी विहीर, भर मे महिन्यातही दोन पुरुष खोल पाणी. हे अंतर मी स्वतः टेप लावून मोजलं आहे, कारण पुढे चौकशी समितीनं ते विचारलं.

१९५६च्या जूनमध्ये मंडळानं एक वृक्षसेवक नेमला. त्याचं नाव चिंधू. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा राखल्या होत्या. झाडातली वाळकी काडी काढावी, खोडाला मोरचुदाचं मलम लावावं, मुळांना धक्का न लावता आळं करावं, तर चिंधूनंच. खोडावर हात ठेवून तो झाडाचं दुखणं सांगायचा. ही रीत आमच्या नियमावलीत नव्हती. म्हणून आम्ही त्याला समजावलं की हात ठेव, पण मागाहून अर्जी दे. अर्जी मी लिहायचो, सही तो करायचा. सही टपोरी होती, हे मान्य केलं पाहिजे.

नेमणूक एक वर्षाची, हंगामी. पुढच्या वर्षीचं मृग लागेपर्यंत अव्वल झाड हिरवं राहिलं तर चिंधू कायम होणार होता, आणि त्याच्या नावाचं, शिक्क्याचं पत्र त्याला मिळणार होतं. वीस वर्षांत त्याचं नाव कोणी कागदावर लिहिलं नव्हतं. तोंडी हाक मारून कामाला लावायचं आणि तोंडीच घरी पाठवायचं, अशी रीत. त्याची बायको धुरपता हिनं ते पत्र चौकटीत घालून टांगायला भिंतीत आधीच खिळा मारून ठेवला होता.

मी म्हटलं, "अरे, इतकी घाई कशाला?"

"खिळा तं मारला साहेब," तो म्हणाला. "आता झाडाचं मी पायतो."

इथे एक खुलासा करतो, कारण लोक भलतंच धरून बसतात. आमच्या मंडळात शिवाशीव अजिबात नाही. अहो, सेवाग्राम इथून पाच मैल! आमच्यातले कितीतरी जण तिथे दोन-दोनदा जाऊन आले आहेत. अस्पृश्यताबंदीचा कायदा झाला त्याच साली आम्ही वस्तीतल्या सर्व विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात केला. त्या ठरावाचा आजवर एकानंही लाभ घेतलेला नाही. यावरून त्याची गरजच नव्हती हे सिद्ध होतं. चिंधूच्या कामांच्या यादीत पाणी शेंदणं नव्हतं, ते निव्वळ कामाच्या वाटणीपायी. छाटणी, आळं, खत, मलम, किडी वेचणं ही कामं चिंधूची. पाणी बंडूजीचं. बंडूजी म्हणजे भैयाजींचा जुना गडी, ज्याचा विहिरीशी घरोबा होता.

तर १९५७च्या एप्रिलमध्ये बंडूजी भाचीच्या लग्नाला हिंगणघाटला गेला आणि तिथेच कापडाच्या गिरणीत लागला. परत येण्याचं नाव नाही. आठवड्यानं चिंधूची पहिली अर्जी आली : 'झाडाला पाणी पाहिजे.' मी ती दाखल करून घेतली. दुसऱ्या अर्जीत 'फार' हा शब्द वाढला. तिसरीवर भैयाजींनी शेरा मारला, 'नवीन गडी शोधत आहोत.' शोध चालू होता. पण गडी जुना, खात्रीचा आणि योग्य घरातला हवा, आणि असा गडी नवीन मिळत नाही ही अडचण होती.

एप्रिलअखेर पानं माना टाकू लागली. तेव्हा भैयाजींनी पुस्तक काढलं. संत्र्याच्या शास्त्रात 'ताण' म्हणून एक प्रकार आहे. बहार धरावा म्हणून झाडाचं पाणी महिना-दीड महिना मुद्दाम तोडतात. पानं सुकतात, गळतात, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. भैयाजींनी ते पान सभेत मोठ्यानं वाचलं. झाडाला पाणी मिळत नव्हतं असं नाहीच, आम्ही ताण देत होतो! सभासदांच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला. ठराव एकमतानं झाला आणि मागील तारखेपासून लागू केला.

चिंधूला सभेत बोलावून ही आनंदाची बातमी दिली. तो दाराशीच उभा राहिला. (आत यायला कोणी मनाई केली नव्हती. कोणी 'ये' म्हटलं नाही, एवढंच.)

"ताण मले माहीत आहे, भैयाजी," तो म्हणाला. "जलमभर देल्ला. पण ताण तोडाचा दिवस आधी ठरवा लागते. पाणी कोण देईन, कवा देईन, हे ठरलं नसन तं त्याले ताण नाई म्हणत. मारणं म्हणतात."

"मग तुझं म्हणणं काय?"

"दोर मायाजवळ द्या. मी शेंदतो."

ही मागणी अगदी अनपेक्षित होती, आणि तिच्यावर ठराव नव्हता असंही नाही. पण भैयाजींनी तहसील चालवलेली. त्यांनी जो युक्तिवाद केला तो मी इतिवृत्तात शब्दशः उतरवून ठेवला आहे. चिंधू गेल्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. म्हणजे तो आता बौद्ध. बौद्ध म्हणजे हिंदू नव्हे. हिंदू नव्हे म्हणजे अस्पृश्यही नव्हे, याबद्दल अध्यक्षांनी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. आणि विहिरी खुल्या करण्याचा ठराव अस्पृश्यांसाठी होता. चिंधू अस्पृश्य उरला नसल्यानं त्या ठरावाचा लाभ त्याला कसा देता येईल? नियम म्हणजे नियम.

"म्हणजे पयले होतो म्हणून नाई, अन् आता नाई म्हणून नाई," चिंधू म्हणाला.

"समजलास बघ," भैयाजी म्हणाले. त्यांना समजूतदार माणसं आवडतात.

भैयाजींच्या पत्नी सुमित्राबाई यांचाही या बाबतीत काही आग्रह नव्हता. "माझं काही नाही हो," त्या मला म्हणाल्या, "मी कुठं मानते? पण विहीर सासूबाईंची. त्यांना चालणार नाही." सासूबाईंचं मत घेता आलं नाही, कारण त्या १९४३ साली वारल्या.

पुढच्या आठवड्यात पानं थोडी तरतरीत दिसायला लागली. चौकशी करता निघालं असं की चिंधू आणि धुरपता रोज संध्याकाळी आपल्या वस्तीतल्या विहिरीवरून चार घागरी पाणी आणून झाडाला घालत होते. वस्ती पाऊण मैलावर. भर मे महिन्यात, डोक्यावर घागर घेऊन, पायात वहाण नाही. यात नियमभंग नव्हता. पण सुमित्राबाईंच्या मनात एक तांत्रिक शंका आली. ते पाणी मुळात जाणार, मुळातून फांदीत, फांदीतून फळात. मग ती संत्री खायची कोणी?

"मला व्यक्तिशः चालेल," भैयाजी म्हणाले. "पण पाहुण्यांचं काय?"

पाहुण्यांचा विचार करून 'बाहेरचं पाणी' बंद करण्यात आलं. त्या संध्याकाळी धुरपतानं भरलेल्या दोन घागरी फाटकातूनच माघारी नेल्या. जाताना फाटक तिनं जरा जोरात लावलं, त्याची बिजागरी दुसऱ्या दिवशी बसवून घ्यावी लागली.

वीस मेला दुपारी बारा वाजता चिंधू फाटकातून आला तो सरळ विहिरीवर गेला. दोर सोडला, बादली भरली, झाडाच्या आळ्यात रिकामी केली. मी आणि भैयाजी व्हरांड्यात चहा घेत होतो.

"चिंधू! काय करतोस?"

"पाणी घालून राह्यलो, भैयाजी. झाड मरून राह्यलं."

"अगबाई!" सुमित्राबाई आतून धावत आल्या. "अहो, बघत काय बसलात?"

आम्ही बघत बसलो, हे खरं आहे. चिंधूनं सहा बादल्या घातल्या. सातव्यांदा शेंदलेलं पाणी तो ओंजळीनं स्वतः प्यायला. मग त्यानं तोंड पुसलं, दोर नीट गुंडाळून खुंटीला लावला आणि निघून गेला. दोर नीट गुंडाळला, हे त्याच्या बाजूनं नोंदवलेलं बरं.

दुसऱ्याच दिवशी भैयाजींच्या लक्षात आलं की विहिरीत गाळ साचला आहे. गाळ बारा वर्षांचा होता, पण लक्षात यायलाही वेळ यावी लागते. एका बागाईतदाराकडून इंजिन आणलं आणि दोन दिवस विहीर उपसली. हिशेबानं साडेतीन हजार बादल्या पाणी निघालं. ते झाडाकडे वळलं असतं तर पंचाईत होती, कारण आमच्या मते झाड अजून ताणावर होतं. शिवाय ते आता कोणाच्या हातचं पाणी होतं, हे आता सर्वांना माहीत होतं. म्हणून आळ्याच्या कडेनं मातीचा बांध घालून पाणी थेट रस्त्याच्या नालीत सोडायचं ठरलं. मातीकामात चिंधूचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून त्यालाच बोलावलं. तो आला. इंजिनाच्या तोंडातून पडणारं पाणी त्यानं पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं.

"साहेब," तो मला म्हणाला, "वाहून राह्यलं नं पाणी. काऊन नाई देत त्याले?"

त्यानं फावडं माझ्या पायाशी ठेवलं आणि तो गेला. खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न इतिवृत्तात घ्यावा असं मला क्षणभर वाटलं. पण इतिवृत्तात वृक्षसेवकाच्या प्रश्नासाठी रकाना नाही. बांध मग मी स्वतः घातला. चिटणीसाला कधी कधी हातही चालवावे लागतात. बांध चांगला झाला. थेंबभर पाणी आळ्यात गेलं नाही.

मे महिन्यात उपसलेली विहीर पावसापर्यंत भरत नाही, हे ज्ञान आम्हाला या प्रयोगातून मिळालं. भैयाजींच्या घरी पिण्याचं पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून येऊ लागलं. गाडी चिंधूच्या वस्तीकडच्या रस्त्यानं यायची. पिंप कुठे भरतोस, हे गाडीवाल्याला विचारायचं नाही, असं सर्वांनी न बोलता ठरवलं. पाणी गोड होतं.

मृग लागलं तेव्हा संत्र्यावर एकही पान नव्हतं. तीन जणांची चौकशी समिती बसली. तिनं डिंक्या रोग, वाळवी, उष्ण वारे, मुळांजवळची चुनखडी आणि शेजारच्या बंगल्यातलं रेडिओचं एरियल अशी चौदा संभाव्य कारणं तपासली. पाणी हे कारण यादीत नव्हतं, कारण विहीर अकरा फुटांवर असल्याचं मोजमाप जोडलेलं होतं. निष्कर्ष एकच निघाला : वृक्षसेवकानं ताण प्रमाणाबाहेर दिला.

चिंधूला काढून टाकल्याचं पत्र मी लिहिलं. त्याच्या नावाचं, मंडळाच्या शिक्क्याचं असं ते पहिलंच पत्र. चौकटीत बसेल अशा मापाचा कागद घेतला, एवढं मी माझ्या अखत्यारीत केलं. त्यानं ते उभ्यानंच, एकेक अक्षर लावत वाचलं.

"नाव बराबर लिवलं साहेब," तो म्हणाला. मग त्यानं पत्राची घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. त्यांच्या भिंतीतल्या खिळ्याला सध्या काय टांगलं आहे ते मला सांगता येणार नाही. आमच्यापैकी कोणी त्या वस्तीत कधी गेलेलं नाही.

वृक्षसेवकाची जागा आता रिकामी आहे. मंडळाची शाखा आपल्या वस्तीत काढायची असल्यास आम्हाला आपल्यासारख्या जाणत्या, सुधारलेल्या वाचकांची माहिती हवी. प्रश्न तीनच आहेत. आपल्या अंगणात झाड आहे काय? त्याची निगा राखायला कोणी येतं काय? आणि त्या येणाऱ्याला तहान लागली तर तो आपल्या घरी कोणत्या भांड्यातून पाणी पितो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहावीत. तिसऱ्याची जागा कोरी सोडली तरी चालेल. मंडळाच्या अकराही सभासदांनी ती कोरीच सोडली आहे, आणि आपण वाचता वाचता आत्ताच स्वयंपाकघराकडे नजर टाकलीत, ती आम्ही उत्तर म्हणून धरली आहे.