शट, क्लोज आणि जिन्यातली खिडकी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या घरात तीन महिन्यांचं एक बाळ आहे. दिवसा गोड, रात्री भोंगा. कित्येक रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. आणि आज दुपारी चमत्कार झालाय. बाळ झोपलंय, त्याच्या शेजारी आईही आडवी झालीय. झोपता झोपता तिने तुम्हाला बजावलंय, "दूध मंद गॅसवर ठेवलंय, लक्ष ठेव. आणि घरात टाचणी पडली तरी माझ्याशी गाठ आहे!"

आता डोळे उघडा. खारूची अवस्था अगदी अशीच होती. तिचं खरं नाव वेगळं, पण एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. आज मात्र ती पुतळ्यासारखी वहीसमोर बसली होती. बाईंनी गृहपाठ दिला होता : 'शट' आणि 'क्लोज' या दोन इंग्रजी शब्दांत फरक काय? दोन्हींचा अर्थ 'बंद करणे', मग इंग्रजांना दोन शब्द कशाला लागले, हेच तिला कळेना.

"मामा, तुला येतं?" तिने शेजारी बसलेल्या, त्यांच्याकडेच राहणाऱ्या मामाला कुजबुजत विचारलं.

चूक झाली. मामा गाडी चालवायला शिकवायचा. कुठलीही गोष्ट करून दाखवल्याशिवाय त्याला सांगताच येत नसे.

"सोप्पंय," मामा कुजबुजला. "गाडीचं दार धाडकन लावतो ना, ते शट. कपाट हलकेच लोटतो, ते क्लोज. चल, दाखवतो."

"इथे नको! बाळ उठेल."

"म्हणून तर बाहेरचं दार. झोपायच्या खोलीपासून लांब. आणि शट करायचंच नाही, नुसतं क्लोज. बघशील, मुंगीलाही कळणार नाही."

दोघं अनवाणीच जिन्यात आली. मामाने कडी दोन बोटांत धरली, श्वास रोखला आणि दार एखाद्या झोपलेल्या वाघाच्या शेपटीसारखं अलगद ओढलं. पण जिन्यातली खिडकी सताड उघडी होती. वाऱ्याचा एक झोत आला आणि मामाच्या हातून दार हिसकावून घेऊन गेला.

धाड!

दोघं दगड झाली. खारूने दाराला कान लावला. रडणं नाही. हुश्श! मग तिने दार ढकललं. ते हललं नाही. आपोआप लागणारं कुलूप ते, आपोआप लागलं होतं.

"किल्ली?" खारू म्हणाली.

"आत. खिळ्याला."

"फोन?"

"आत. टेबलावर."

"मामा, दूध!"

मामाचा चेहरा दुधासारखाच पांढरा झाला.

"घंटी वाजवू या," खारू म्हणाली.

"खुळी आहेस का! घंटी वाजली तर बाळ उठेल. बाळ उठलं तर ताई उठेल. आणि ताई उठली तर माझं बिऱ्हाड या घरातून कायमचं उठलं म्हणून समज." मामाने कपाळ पुसलं. "दूध मंद गॅसवर आहे ना? थोडा वेळ आहे आपल्याकडे."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून 'पोंऽऽ' असा आवाज आला. वरचे ट्रम्पेटवाले काका सरावाला बसले होते. झालं! दोघं दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. काकांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, फोनवरून खालच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याला बोलावलं आणि मग ट्रम्पेट काखेत मारून, एका हाताने दार धरून स्वतःच जिन्यात आले. कारण त्यांना मूळ प्रश्नातच रस वाटला होता.

"धाडकन आणि हलकेच? छे! मग खारू, बँकेतलं खातं क्लोज करतात, ते काय हळुवारपणे?"

"आणि रस्ता?" खारू कुजबुजायचं विसरून बोलली. "खड्डे खणून क्लोज करतात! केवढा आवाज होतो!"

"पाहा. तोंडाला मात्र शट. कार्यक्रम क्लोज होतो, शट होत नाही."

"आपलंच बरं," मामा म्हणाला. "सगळं बंद."

"कुठे?" खारू म्हणाली. "दार लावतो, डोळे मिटतो, दिवा मालवतो, पुस्तकही मिटतो. नळ तेवढा बंद करतो."

काका इतके खूश झाले, की टाळी वाजवायला त्यांनी दारावरचा हात काढला.

धाड!

"माझी किल्लीपण आतच आहे," काका ट्रम्पेटला सांगितल्यासारखे म्हणाले.

किल्लीवाला आला तेव्हा खालच्या दारापाशी तिघं चिमण्यांसारखी ओळीने बसली होती. त्याने पिशवीतून ड्रिल काढलं.

"आवाज नको!" तिघं एकदम कुजबुजली.

"अहो, आवाज न करता कुलूप उघडणारी माणसं वेगळी," किल्लीवाला म्हणाला. "त्यांना पोलीस शोधत असतात."

खारूने दाराच्या फटीला नाक लावलं. करपल्याचा वास येत नव्हता. पण आई आत, बाळ आत आणि गॅसही आत. ओरडा बसला तर बसला. ती उठली.

"खारू, नको!" मामा म्हणाला.

"पडू दे आईशी गाठ," खारू म्हणाली आणि तिने घंटीकडे बोट नेलं.

बोट टेकायच्या आत दार उघडलं. दारात आई. केस विस्कटलेले, चेहरा ताजातवाना, बोट ओठांवर.

"आई, दूध!"

"मघाशीच उतरवलं. पहिल्या धाडलाच जाग आली मला. बाळ ढिम्म हललं नाही. गॅस बंद केला, दाराच्या भिंगातून पाहिलं, तर तुम्ही दोघं बाहेर. आत इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती. म्हटलं, देवाने दार लावलंय, आपण कशाला उघडा? झोपले परत."

"आणि आम्ही इथे जीव मुठीत धरून..." मामा म्हणाला.

"मग आता का उघडलंस?" खारूने विचारलं.

"तुमची कुजबुज ऐकून पुन्हा भिंगातून पाहिलं, तर याच्या हातात ड्रिल." आईने जांभई दिली. "अजून तासभर बाहेर राहता का रे? चहाचे पैसे देते."

काका हसले, किल्लीवाल्याने ड्रिल पिशवीत टाकलं आणि तो काकांच्या दाराकडे वर निघाला. मामा तर सुटकेने भिंतीला टेकून खालीच बसला.

खारूने मात्र आधी आत जाऊन खिळ्यावरची किल्ली गळ्यात अडकवली आणि पायांत चपला घातल्या. मग बाहेर येऊन टाचा उंचावून जिन्यातली खिडकी लावली. मग घराचं दार ओढलं. टुक. मुंगीलाही कळलं नाही.

"आता हे शट, की क्लो..." मामाने तोंड उघडलं.

खारूने ते दोन बोटांनी अलगद मिटलं.