बखर तोफूवाल्याच्या मुजऱ्याची

श्री इकोमा पर्वतनिवासी शोतेन देव, जो आपलाच विघ्नहर्ता, मात्र येथे मोदकाच्या जागी पांढऱ्या मुळ्यावर संतुष्ट, त्याचे चरणी मस्तक ठेवून, आणि ओसाका शहरीच्या समस्त दुकानदार, कारखानदार व गिऱ्हाईक मंडळीस दंडवत घालून लेखनास आरंभ केला जातो ऐसाजे. शोवा शक एकसष्ट, म्हणजे इसवी सन एकोणीसशे शहाऐंशी, मे मासी, ह्योतान खेळणी कारखान्याचे दौलतीत जे अरिष्ट उद्भवले, आणि राजमान्य राजेश्री इसोगाई मोरिओ, संगणकलेखक, यांनी जे शौर्य व शौर्याहून अधिक लबाडी करून ते निवारले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठ बेताने घालून, लिहिली असे. सज्जनांनी सावध असावे. ऐन वेळी ज्याची मान खाली गेली, त्याचे हुकले.

मूळपीठिका ऐसी. ह्योतान कारखान्याचे मूळपुरुष खासे शाचो, म्हणजे मालक, उमेतानी गोन्शिरो, वय वर्षे एकाहत्तर, लाकडी भोवऱ्यांचे बादशहा. पन्नास वर्षे त्यांच्या भोवऱ्याने मुलूख फिरविला. मग घरोघरी दूरचित्रवाणीच्या पेट्या आल्या आणि त्या पेट्यांस जोडावयाचे खेळ आले आणि पोरे भोवरा टाकून पेटीसमोर बसली, तेणेकरून दौलत बुडो लागली. तेव्हा इसोगाई हा कारखान्यात लाकूड कातणाऱ्या चरकाच्या मोटारी दुरुस्त करीत असे. शाचोंनी त्यास बोलावून फर्माविले की, मोटार समजते त्यास खेळही समजेल, उद्यापासून खेळ करणे. इसोगाईने "हो" म्हटले, कारण "नाही" म्हणण्याचा दस्तूर त्या दौलतीत नव्हता. आणि एक जाड पुस्तक विकत घेऊन, आकड्यांचीच ती भाषा जपमाळेसारखी घोकून, सहा महिन्यांत संगणकलेखक जाहला.

पहिली मोहीम आकाशातून पडणाऱ्या लाडवांची. ती हरली. दुसरी गोगलगाईंच्या शर्यतीची. तीत गोगलगाई इतक्या खऱ्याखुऱ्या चालत की गिऱ्हाईक जेवून आले तरी शर्यत सुरूच. तीही हरली. मग तिसरी मोहीम काढिली ती हाचिरोकू नामे तोफूवाल्याची. त्याने डोईवर तोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीराचे, घमेले घेऊन चार गल्ल्या पळाव्या, कावळे चुकवावे, मांजरास अडखळू नये, आणि शेवटी टेकडीवरच्या घरी यजमानिणीच्या वाडग्यात तोफू अखंड ठेवावा, इतुकेच त्याचे जीवितकार्य.

या हाचिरोकूस देह दिला तो मिकुरिया ताझुको या चित्रकर्तीने. ठिपक्यास ठिपका लावून माणूस उभा करणे हे तिचे काम, आणि येता जाता इसोगाईस टोचणे हा तिचा जोडधंदा.

"इसोगाई-सान, तुमचा माणूस पळतो छान," ती म्हणे, "पण अगदी तुमच्यावर गेलाय. थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही."

"थांबला तर कावळा खाईल ना!"

"मग लग्नाचंही असंच म्हणता का तुम्ही?"

यावर इसोगाई कान लाल करून आकड्यांत तोंड लपवी.

परंतु ताझुकोच्या माथ्यावर संकट होते. तिचे तीर्थरूप सेइबेइ हे मिनाबे गावी खारवलेल्या आलुबुखारांचे मोठे व्यापारी, बोलणे फळाहून आंबट. त्यांनी पत्र धाडिले: "तीन वर्षं ठिपके काढतेस म्हणतेस. कुठल्या कागदावर तुझं नाव आहे? आपल्या प्रत्येक बरणीवर माझं नाव असतं. नाव दाखव आणि खुशाल तिथे राहा. नाहीतर जूनमध्ये फळ उतरायच्या आत घरी ये, मीठ चोळायला हात कमी आहेत."

आता त्या दौलतीचा कायदा ऐसा की, खेळ जिंकल्यावर करणाऱ्यांची नावे पडद्यावर यावी, पण ती टोपणनावे. खरी नावे कळली तर शेजारचे कारखानदार माणसे फोडून नेतील, हे भय. कोणी 'बेडूकबुवा', कोणी 'सुकी मासळी'. इसोगाई स्वतः 'चरकवाला'. पण ताझुकोचे पत्र वाचून इसोगाईचे हृदय द्रवले, आणि त्याने सात नावांच्या यादीत पाचव्या स्थानी 'मिकुरिया ताझुको' ऐसे खरे नाव गुपचूप घातले, आणि तिला वचन दिले की, हे पुसले जाणार नाही.

"वचन देताय?" ती म्हणाली. "गोगलगाईसुद्धा वेळेवर पोचतील म्हणाला होतात."

"त्या पोचल्या की."

"हो. आम्ही घरी गेल्यावर."

मग गुरुवारी सकाळी खेळ शाचोंचे हुजुरात पेश जाहला. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत तो संगणकी चिपा करणाऱ्या कारखान्यात पोचणे जरूर, नाही तर पाळी जाऊन वर्षअखेरची विक्री हुकावी, ऐसा प्रसंग. मंजुरीच्या कागदावर पाच शिक्के उमटावयाचे. शाचोंचा शिक्का ताठ, आणि खालच्या प्रत्येकाचा त्याकडे थोडा थोडा कलता, जणू शिक्केही मालकास वाकून आहेत. शाचोंनी जरीच्या पिशवीतून शिक्का काढून हातात धरिला. इसोगाईने स्वतः खेळून चारी गल्ल्या पार केल्या आणि हाचिरोकूने वाडग्यात तोफू ठेविला आणि पाठ फिरवून चालता जाहला.

शाचोंनी शिक्का परत पिशवीत घातला.

"माल दिला आणि तसाच निघाला?" ते म्हणाले. "मान नाही लववली? असल्या माणसाकडून मी तोफू घ्यायचो नाही."

आणि उठून गेले. खातेप्रमुख कुरामोची, जे रागावले म्हणजे चष्मा पुसत, ते चष्मा पुसो लागले.

"इसोगाई, उद्या दहा वाजता तो माणूस वाकला पाहिजे."

"जागा नाही साहेब. खेळाच्या पेटीत चाळीस हजार नऊशे साठ घरं, एका घरात एक आकडा. तीन घरं उरलीत. वाकलेल्या माणसाचं चित्र चौसष्ट घरं खातं, आणि 'वाक' म्हणून हुकूम द्यायला अठरा."

"शेवटची ती नावांची यादी किती खाते?"

"नव्वद."

"काढ ती. बेडूकबुवा कोण आणि मासळी कोण, कोणाला पडलंय? नावं काढ, वाकणं घाल."

हा हुकूम ऐकून इसोगाईची अवस्था ऐसी की, एकीकडे वचन आणि एकीकडे धनी. कीर्तनात बुवा हरिश्चंद्राचे आख्यान लावतात तेव्हा श्रोत्यांचे डोळे जेथे भरून येतात, अगदी तेथे तो उभा होता. फक्त हातात घमेले होते आणि तेही ठिपक्यांचे. त्याने जाऊन ताझुकोस वर्तमान सांगितले. ती थट्टा करील म्हणून तो उभा राहिला. पण तिने थट्टा केली नाही. पेन्सिली एकेक करून डब्यात भरू लागली. तेणेकरून तो अधिकच घाबरला.

"भरू नका," तो म्हणाला. "उद्या दहापर्यंत वेळ आहे. लढू."

मग खलबत जाहले आणि मोहिमेस कूच केले. प्रथम दुसऱ्या गल्लीवर छापा घातला. तेथे एकाच चित्राचे दोन कावळे ठाण मांडून होते. त्यातील धाकटा कापावा तर त्याच्या उडण्याचे हुकूम सोळा घरांचे सुटत. दोघांच्याही चोचीत कोलंबीचे शेपूट, पण ताझुकोचा लाडका तो धाकटाच.

"तो नको. मोठा कापा."

"दोघांचं चित्र एकच आहे. कापला काय, राहिला काय, दिसणार तोच."

"दिसायला तोच. पण स्वभाव?"

तथापि राज्यासाठी आप्ताचा मोह धरू नये, हे जाणून तिने डोळे मिटले आणि इसोगाईने कळ दाबली आणि धाकटा कावळा वैकुंठास गेला. सोळा आणि तीन, एकोणीस. हुकमाची अठरा घरे वसूल जाहली, वर एक शिल्लक. परंतु चित्राची चौसष्ट हा बेलाग किल्ला. ढग मोजले, ते एकाच्या जागी एक. मांजर कमी करावे तर खेळात राम उरत नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत हल्ल्यावर हल्ला चढविला, एक घर हाती आले नाही. आणि ताझुकोच्या हातून चहाचा पेला कलंडून जमिनीवर तळे जाहले.

तोच कुरामोची साहेब मोहिमेचा समाचार घ्यावयास तरातरा आले आणि त्यांचा पाय त्या तळ्यात पडला. आणि ते पडले. पण पडण्याआधी एक क्षण कंबरेत दुमडले, दोन्ही हात मांड्यांस चिकटले, डोळे मिटले, आणि मग धबकन.

ते उठून, काहीच न घडल्यासारखे, बाहेर गेले. ताझुको तोंडावर हात धरून म्हणाली, "पाहिलंत? तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाकून नमस्कार केला त्यांनी!"

इसोगाई हसला नाही. टक लावून त्या तळ्याकडे पाहत राहिला.

"ताझुको-सान. हाचिरोकू मांजराला अडखळतो, त्याची चित्रं किती काढलीत?"

"तीन. दुमडतो, लोळतो, पसरतो."

"पहिल्यात डोळे?"

"मिटलेले. पडणाऱ्याचे मिटतातच की..." आणि तिचेही वाक्य तेथेच थांबले.

श्रोतेहो, देवाची करणी पाहा. जी वस्तू शोधीत रानोरान हिंडावे ती पदराच्या गाठीसच असते. पडणे आणि नमणे यांत अंतर इतुकेच की, पडणारा पुढे जातो आणि नमणारा तेथेच थांबतो. नवे चित्र नकोच. अडखळणाऱ्यास वाडग्यासमोर आणावे आणि थांबवावे. किती थांबवावे, त्याचा आकडा इसोगाईने आधी लिहिला दोन श्वास. मग दोन खोडून बारा लिहिला. आकडा लहान असो की मोठा, घर एकच लागते. आणि जे एक घर शिल्लक होते ते खर्चून नावांची यादी ऐसी लावली की, तोफूवाला वाकला की नावे सुरू व्हावी आणि तो उठला की सातही नावे निघून गेलेली असावी.

"बारा श्वास?" ताझुको म्हणाली. "कमरेत उसण भरेल बिचाऱ्याच्या."

"त्याच्या नाही," इसोगाई म्हणाला. "शाचो टेलिफोनवर बोलताना तुम्ही पाहिलंय ना?"

तिने पाहिले होते, आणि कोणी पाहिले नव्हते? शाचो टेलिफोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना समोर भिंत असली तरी कमरेपर्यंत वाकत.

शुक्रवारी सकाळी दारातच कुरामोचींनी विचारिले, "वाकतो?"

"वाकतो साहेब."

"आणि नावं?"

"ती कोणाच्याही नजरेस पडणार नाहीत."

धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला तेव्हा त्याचा रथ चार बोटे खाली आला. इसोगाई सायकलीने येत असे, म्हणून निभावले.

मग दरबार भरला. हाचिरोकू चार गल्ल्या पळाला आणि एकच कावळा चुकविला आणि वाडग्यात तोफू ठेविला आणि यजमानिणीसमोर कमरेत दुमडून, डोळे मिटून, थांबला. आणि पन्नास वर्षे गिऱ्हाइकाच्या मुजऱ्यास मुजरा देत आलेला तो देह, शाचो उमेतानी गोन्शिरो, विचार करावयाच्या आत उठला आणि पडद्यासमोर वाकला. धनी वाकले म्हणताच कुरामोची त्यांहून चार बोटे अधिक वाकले, आणि बाकीचे कुरामोचींहून अधिक, ऐसे करीत शेवटच्या कारकुनाचे नाक गुडघ्यास लागले. आणि समोरचा उठेना. समोरचा उठला नाही तोवर आपण उठणे हा उद्धटपणा. धनी उठले नाहीत तोवर चाकराने उठणे हा द्रोह. कोणाची तरी कंबर कडकन वाजली. कोणी हलले नाही.

आणि त्या लवलेल्या मस्तकांच्या शेतावरून पडद्यावर नावे निघाली. चरकवाला गेला, बेडूकबुवा गेला, सुकी मासळी गेली, आणखी एक गेले, आणि पाचवे, ठिपक्यांचे, पांढरे, आले. इसोगाईही वाकलेला, त्यास जमिनीच्या फरशीखेरीज काही दिसत नव्हते. फक्त चहाचे तबक हाती असल्यामुळे वाकता न येणारी ताझुको एकटी मान वर करून उभी होती. तिच्या तबकातले पेले किणकिणले, तेव्हा इसोगाईस कळले की नाव आले.

तोफूवाला उठला. शाचो उठले, कंबर दाबीत.

"हा माणूस," ते म्हणाले, "कुठल्या घरचा आहे? फार चांगलं वळण लावलंय." आणि शिक्का उमटविला, ताठ. कुरामोचींचा कलता उमटला. पाच शिक्के पडले आणि पावणेबाराला पेटी कारखान्यात पोचली.

तीन आठवड्यांनी कुरामोचींस ते नाव दिसले आणि ते चष्मा पुशीत आले. पण मंजुरीच्या कागदावर त्यांचा स्वतःचाच शिक्का मालकापुढे वाकलेला होता. तेव्हापासून ते सांगू लागले की, खरे नाव घालण्याची मसलत मूळची त्यांचीच.

तयार खेळाची पेटी मिनाबेस गेली. सेइबेइंनी कळविले की, दुसऱ्याने जिंकून दाखविलेले आपण मानीत नाही, स्वहस्ते जिंकून स्वनेत्रे नाव पाहू, तोवर मुलीने आहे तेथेच राहावे. जून गेला, फळ उतरले, मीठ चोळले गेले. ऑक्टोबरात खारवलेल्या आलुबुखारांची बरणी आली आणि तीत पत्र:

"जिंकलो. मांजर फार दुष्ट आहे. माणूस सज्जन आहे, वाकला, म्हणून मीही वाकलो. मान वर करतो तो सगळं संपलेलं. नाव दिसलं नाही. पुन्हा खेळतो. तू तिथेच थांब."

खाली मातुःश्रींच्या बारीक अक्षरात चार ओळी होत्या: "मी मागे बरण्या पुसत उभी होते. पहिल्याच वेळी वाचलं, पाचवं. त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी गुत्त्यावर न जाता घरी बसतात, तर बसू दे. अक्षर छान काढलंयस."

ताझुकोने पत्र इसोगाईसमोर ठेविले आणि बरणी उघडून एक फळ त्यास दिले. ते इतके आंबट की त्याचे डोळे मिटले आणि तो कमरेत दुमडला. ती म्हणाली, "बारा श्वास मोजू का?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वर्षअखेरीस शाचोंनी इसोगाईस निर्मातेपद दिले, निराळे मेज दिले, मजकुरावर ताठ शिक्का मारण्याचा अधिकार मात्र दिला नाही. पुढे इसोगाईने निर्माता होऊन एकोणीस खेळ काढिले. प्रत्येकाच्या शेवटी कोणी ना कोणी वाकते आणि बारा श्वास उठत नाही, आणि खाली सर्वांची खरी नावे जातात. मिनाबेचे सेइबेइ अद्याप खेळत आहेत. कामी आले: कावळा एक, धाकटा. हस्तगत जाहली: घरे सोळा, नाव एक. मान वर करून वाचणाऱ्यांस कल्याण असो.