पाणमांजराच्या नावाची मोहीम, अर्थात ओल्या कठड्याची फत्ते

ऐकणारांनी खोकला आधीच उरकून घ्यावा आणि वाचणारांनी चष्मे पुसून सावध बसावे, कारण पुढे लिहिली ती हकीकत सामान्य नव्हे. तख्ते पालटली, किल्ले पडले, हे पुष्कळांनी लिहिले. परंतु एका नावावाचून एक जीव पेटीत घालून परमुलखी रवाना होण्याचा प्रसंग आला आणि तो एका कठड्याच्या रंगाने वाचला, हे कोणी लिहिले नाही. ते येथे लिहिले आहे.

मूळ ऐसे. गाड्या धुण्याच्या केंद्राच्या गटारात एक पाणमांजर अडकले. अंगभर साबणाचा फेस, मस्तक प्लास्टिकच्या बरणीत, ऐशा हालात वन्यप्राणी उद्यानाच्या लोकांनी त्यास सोडविले आणि मग चौथ्या हौदात आणून मुक्काम दिला. हौदाचे किल्लेदार तेथील रखवालदार. मासे, बादली व खराटा यांचा सर्व अखत्यार त्यांजकडे, म्हणून मंडळी त्यांस बादलीबहाद्दर म्हणत. त्यांची बायको हौदालगतच्या तिकीटखिडकीची ठाणेदारीण. उद्यानाचा फ्रीज बिघडला असल्यामुळे माशांची बर्फपेटी तिच्याच टेबलाखाली ठेविली होती. हे ध्यानात असो द्यावे.

पाणमांजर हौदातील सिमेंटच्या नळात शिरले ते शिरले. सकाळी फाटक उघडण्याआधी मासे खाण्यापुरते बाहेर येई आणि मग दिवसभर गडबंद. प्रेक्षक येत, जाड काचेपलीकडून नळ पाहत, आणि नळाचाच फोटो काढून जात. संचालकसाहेबांस हे बहुत लागले. हुकूम सुटला की, "लोक तिकीट काढून पाइप बघतायत. नाव ठेवा त्याला, हाक मारा. रविवारी दुपारची घंटा व्हायच्या आत हाकेला बाहेर आलं तर ठीक, नाहीतर पलीकडच्या उद्यानाला देऊन टाकू."

हे बादलीबहाद्दरांस मानवेना. फेस त्यांनी धुतला होता, बरणी त्यांनी कापली होती, आणि घरी ताटावर बसले की "ते जेवलं असेल का गं" हाच जप. त्यावर ठाणेदारणीचा जबाब ठरलेला: "ते जेवलंय. तुम्ही जेवा."

मग नावे मागविली आणि नावांचा पूर आला. कोणी आपल्या सासऱ्याचे नाव सुचविले. कोणी लिहिले की दिसतो नळ, तर नाव नळच ठेवा. अखेर रणांगणी दोनच फौजा उरल्या. एक व्यायामशाळेच्या उस्तादांची, दंड फुगविलेली, निशाण "जलसम्राट". दुसरी प्राथमिक शाळेच्या बाईंची, संख्येने अफाट, उंचीने तोकडी, निशाण "बुडबुड". मते मोजिली तेव्हा जलसम्राटास

(येथे कागद भिजला आहे, आकडा लागत नाही)

आणि बुडबुडास

(येथेही)

ऐसी पडून बरोबरी जाहली. तेव्हा साहेबांनी मसलत करून ठरविले की रविवारी दोन्ही फौजांनी काचेच्या आत, थेट कठड्याशी उभे राहून हाका माराव्या, ज्या नावास पाणमांजर येईल ते नाव कायम, आणि बादलीबहाद्दरांनी तोंड उघडू नये, बादली आणू नये, कारण त्यांजवर उभय पक्षांचा वहीम.

रविवार उजाडला. समारंभाकरिता कठड्यास भल्या पहाटे हिरवा रंग दिला होता. "रंग ओला आहे" ऐसा कागद डकविला होता, तो वाऱ्याने हौदात पडून बुडाला. फाटकाशी गाडी तयार, गाडीत पेटी तयार, पेटीत गवत तयार, आणि पेटीवर गाडीवाला पाय हलवीत बसला होता.

मग रणधुमाळी उसळली. पूर्वेकडून जलसम्राट, पश्चिमेकडून बुडबुड, ऐसा कल्लोळ की शेजारी शेजाऱ्यास ऐकू येईना. मोर घाबरून छपरावर गेले. नळातून शेपूटही दिसले नाही. उस्ताद पोटातून गरजले. बाईंनी हजेरीचा आवाज काढिला, त्यासरशी दोन अनोळखी बाप्ये "हजर" म्हणाले. पाणमांजर नाही म्हणजे नाही. होता होता सर्वांचे घसे बसले आणि मैदानी चिडीचूप शांतता जाहली. शिपायाने घंटेस हात घातला. गाडीवाल्याने पेटीचे झाकण उघडिले. बादलीबहाद्दरांनी तोंड न उघडता एक सुस्कारा सोडिला आणि खचून जाऊन कठड्यास पाठ टेकली.

ते तिकीटखिडकीतून ठाणेदारणीने पाहिले. गणवेश तिने कालच धुतला होता.

"अहो! रंग ओला आहे!"

तो काय चमत्कार वर्णावा! नळातून पाणमांजर तीरासारखे सुटले, हौद कापून खिडकीकडील काठास आले आणि दोन पायांवर उभे राहून मान डोलवू लागले. कारण उघड होते, परंतु आजवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. रोज सकाळी माशांची गाडी आली की ठाणेदारीण याच खिडकीतून पुकारी, "अहो, मासे आलेत." बहाद्दरांस वाटे हाक आपल्यास आहे. पाणमांजरासही तसेच वाटे.

साहेब म्हणाले, "परत म्हणा."

"तुमच्यासमोर?" ठाणेदारीण लाजली. "बरं. अहो..."

दोघे आले. बहाद्दर पाठीवर हिरवे पट्टे घेऊन, पाणमांजर मिशा झाडीत.

मग बाईंनी हरकत घेतली की, "अहो साहेब, हे नाव नाही, हे केवलप्रयोगी अव्यय आहे," आणि वाक्य पुरे होण्याआधी पाणमांजर बाईंपुढे उभे. उस्तादांनी बसल्या घशाने फिर्याद केली की, "अहो, असं कसं चालेल?" आणि पाणमांजर उस्तादांपुढे उभे. मागून कोणी म्हणाले, "अहो, जरा सरका ना, दिसत नाही," तर तिकडेही धावले. ऐसे चारी दिशांस दर्शन जाहले आणि साहेब मनी समजले की ज्या मुलखात दर तिसरे वाक्य अहोने सुरू होते, तेथे हा प्राणी नळात बसावयाचा नाही. त्यांनी काच काढून जाळी लावण्याचे फर्मान दिले आणि फलकावर दोन अक्षरे रंगवून घेतली. रंग उरला.

(पाठभेद: रंग उरला नाही, गणवेशास लागला.)

तह ऐसा ठरला की अहो ही पदवी वंशपरंपरेने पाणमांजराची, तीवर बादलीबहाद्दरांचा हक्क राहिला नाही. त्यांनी ते बेलाशक मान्य केले. गाडीवाला रिकामी पेटी घेऊन गेला. ठाणेदारीण मात्र कोड्यात पडली की, "मग मी यांना काय म्हणू?" साहेबांनी कानांवर हात ठेविले की हा घरगुती मामला, यात उद्यानाची दखल नाही.

दुसरे दिवशी सकाळी माशांची गाडी आली. ठाणेदारणीने खिडकी उघडून "अहो" म्हटले, पाणमांजर काठाशी रुजू जाहले. बहाद्दर तहास जागून रिकामी बादली धरून उभे राहिले, मान वळविली नाही. ती घटकाभर खिडकीची कडी घासत बसली. मग जे लग्न ठरल्यापासून ओठांवर होते आणि कधी बाहेर पडले नव्हते, ते दबक्या आवाजात बाहेर पडले.

"अरे, ऐकतोस ना? मासे आलेत. घेऊन जा."

बहाद्दर कानापर्यंत लाल जाहले. येऊन मासे घेतले, कठड्यापाशी गेले, आणि हौदाकडे पाहण्याऐवजी खिडकीकडे पाहत चालल्यामुळे बादलीसकट पाण्यात उतरले. खिडकीतून हसू आले, ते बराच वेळ थांबेना.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले ते: गणवेश एक, घसे पुष्कळ. हाती आले ते: अहो जेवले, अरे भिजला.